फोटोंचं बारसं

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या नसल्या तरी आपलं अडत नाही. डबा हलवला की आत रवा आहे की साखर, ते कळतं! कॉम्प्युटरमधल्या फोटोंचं मात्र तसं नाही. कार्य आटोपतं, तीन-चारशे फोटो जमतात आणि प्रत्येकाचं नाव काय, तर ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे! वर्षभरानं त्यातून मामंजींचा एक चांगला फोटो शोधायचा म्हटलं की अख्खी दुपार जाते.

शोधाशोध एक वेळ परवडली, पण खरा धोका निराळाच आहे. बरेचसे कॅमेरे ०००१ ते ९९९९ एवढंच मोजतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यामुळे तुमचा आणि नणंदेचा फोटो अगदी एकाच नावाचा असू शकतो. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकताना कॉम्प्युटर विचारतो, ‘रिप्लेस?’ आपण घाईत ‘हो’ म्हणतो आणि आधीचा फोटो कायमचा जातो. मातृभोजनाचा तो घास काही पुन्हा भरवता येत नाही!

तेव्हा फोटो एकत्र करण्याआधीच त्यांचं बारसं उरकावं. एकेकाचं नाव बदलत बसायला नको. ‘इरफानव्ह्यू’ हे फोटो पाहण्याचं आणि दुरुस्त करण्याचं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळतं. त्यात शेकडो फोटोंना एकदम नावं देता येतात.

कृती अशी :

१. सगळ्या फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. एका दिवसाचे, एका कॅमेऱ्याचे फोटो एका फोल्डरमध्ये, अशी वाटणी करा.

३. इरफानव्ह्यू उघडून ‘बी’ हे अक्षर दाबा. समोर येणाऱ्या चौकटीत ‘बॅच रिनेम’ निवडा आणि एका फोल्डरचे फोटो यादीत घ्या.

४. यादी तारीख-वेळेप्रमाणे लावा. क्रमांक यादीच्या क्रमानंच पडतात.

५. नावाच्या जागी आधी वर्ष, मग महिना, दिवस, प्रसंग आणि कॅमेरा कुणाचा ते लिहा. शेवटी हॅशची खूण तीनदा द्या, म्हणजे ००१, ००२ असे आकडे आपोआप पडतात. उदाहरणार्थ, ‘२०२४-०५-१२-मुंज-ताई-००१’.

६. ‘टेस्ट रिनेम’ करून नवी नावं नजरेखालून घाला आणि मगच काम सुरू करा.

आता तुम्ही म्हणाल, वर्ष आधी कशाला? तसं केलं की नावाप्रमाणे लावलेले फोटो आपोआप तारखेप्रमाणे लागतात. मात्र मे महिना ‘५’ नव्हे, ‘०५’ लिहायचा. आणि तारखेत तिरपी रेघ देऊ नका; विंडोजला ती नावात चालत नाही. आडवी रेघ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत, तो काढल्याची तारीख बहुधा उरलेली नसते. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन केलेत, तर तारीख स्कॅनिंगची पडते. अशा फोटोंना वर्ष आपणच आठवून द्यायचं.

आणि हो, एकदम दिलेल्या नावात प्रसंग येतो, माणसं येत नाहीत. त्यासाठी एक साधी वही करा. क्रमांक लिहायचा आणि पुढे डावीकडून उजवीकडे कोण कोण उभं आहे ते. जुन्या फोटोंच्या वेळी सासूबाईंना नाहीतर आत्याबाईंना शेजारी बसवा. काठाच्या लुगड्यातली ती बाई कोण, हे त्यांनाच ठाऊक असतं. नावं बदलण्याचं काम कॉम्प्युटर पुढच्या वर्षीही करील. वहीचं काम मात्र या रविवारीच सुरू करा.