भांडे, भांडी आणि ओट्याच्या कोपऱ्यातला कप

पंजाबीत एक ‘भांडा’, अनेक ‘भांडे’. सेक्टर १७ च्या प्लाझाजवळ एका ऑफिसात मी तीन वर्षांपासून नोकरी करतो आणि हा शब्द रोज कानावर पडतो. भांडे मांजणारी आली का, भांडे उचलले का. माझी आई अकोल्याकडची. तिच्याही तोंडी अनेकवचन ‘भांडे’च: ‘भांडे घासाचे राहिले.’ शाळेत मात्र त्यावर लाल शाई पडायची आणि वर ‘भांडी’ लिहून यायचे. आमच्याकडून जो शब्द अशुद्ध म्हणून सोडवला, तो हजारावर किलोमीटर दूर, दोन राज्यांच्या राजधानीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे बिनदिक्कत बोलतात. शुद्ध-अशुद्ध बहुधा खडू कुणाच्या हातात आहे यावरून ठरते.

पण मला आज व्याकरणावर लिहायचे नाही. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे भांडे, आणि व्यापाऱ्याचा मालही. त्याच घराण्यातले शब्द भांडार आणि भांडवल. शब्द एकच, कुणाच्या घरी तो भांडवल झाला, कुणाच्या पदरी धुणीभांडी आली.

ही वाटणी आपोआप झाली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, ५१ आणि ५२ व्या श्लोकांत, चांडाळ आणि श्वपचांनी कसे जगायचे ते सांगितले आहे. वस्ती गावाबाहेर, अंगावर प्रेताची वस्त्रे, जेवण फुटक्या भांड्यात. तिथे शब्द आहे ‘भिन्नभाण्ड’. धर्मशास्त्र लिहिणाऱ्याला कुणी कुठल्या भांड्यात जेवावे याची एवढी काळजी का? कारण भांडे उघड्यावर दिसते. मातीचे मडके विटाळले की फोडून टाकता येते. तांब्यापितळेचे राखेने घासले की पुन्हा चकाकते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, अडीनडीला गहाण ठेवता येते. धातूचे भांडे ही मालमत्ता आहे.

म्हणूनच ते खुपते. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी या स्त्रियांना मारहाण केली. ही घटना बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये नोंदवली आहे. ते भाषण लाहोरसाठी लिहिलेले होते. जातपात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केले, तेव्हा १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. फाळणीत लाहोर पलीकडे गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी लागली, आणि कोर्बुझिएच्या आराखड्यावर हे चंदीगड उभे राहिले. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, कुठे गावकूस नाही. फक्त सकाळी भांडे घासायला येणाऱ्या बायका सायकलवर आणि बसने येतात त्या धनास, मौली जागरां अशा कडेच्या वस्त्यांमधून.

कायद्याने मात्र भांड्याचे नाव घेतले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली (सेक्टरशी आकडा जुळतो, तेवढाच योगायोग), आणि १९५५ च्या कायद्याचे, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचे, कलम ४ सार्वजनिक उपाहारगृहातली, धर्मशाळेतली भांडी वापरण्यापासून कुणाला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा ठरवते. हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध त्यामुळे तक्रार करता येते. घरातल्या ओट्यावर मात्र हे कलम चढत नाही.

आता तो ओटा आपलाही झाला आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातला पहिला पदवीधर तुम्ही आहात, आणि बहुधा भांड्यांना बाई लावणाराही पहिलाच. आपल्या आयांनी बचत गटाच्या, भिशीच्या पैशांतून स्टीलचा एकेक डबा घेतला आणि दुकानदाराकडून त्यावर नाव टाकून घेतले. कित्येकींचे नाव कागदपत्रांखेरीज लिहिले गेले ते त्या डब्यावरच. तो डबा आज जी बाई घासते तिला आपण ‘भांडेवाली’ म्हणतो. तिच्या मुलीचे नाव, तिची वस्ती, तिचा पगार कधीपासून वाढवलेला नाही, हे किती जणांना सांगता येईल?

आणि तिचा कप. पुण्यानागपुरातल्या आपल्याच मित्रांच्या फ्लॅटमध्ये तो मी पाहिला आहे: कान तुटलेला, सिंकच्या बाजूला पालथा, बाकीच्या कपांच्या रांगेत नसलेला. भिंतीवर बाबासाहेब, शोकेसमध्ये पदवीदानाचा फोटो. विचारले तर उत्तर तयार असते. स्वच्छतेचा प्रश्न आहे, जातीचा नाही. ती स्वतःच तो मागते. चांगले कप फुटतात. पण घरातले सगळे चांगले कप रोज तीच तर धुते.