नर्सला थांबायला वेळ कोण देणार?

कॅन्सरच्या वॉर्डात औषधाइतकाच आधार असतो तो पेशंटजवळ दोन मिनिटं थांबणाऱ्या नर्सचा. हा आपण तिच्या स्वभावाचा गुण समजतो. पण केमो, तपासण्या, कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि एकटीकडे सात-आठ पेशंट असले, तर मायाळू नर्ससुद्धा दारातूनच विचारून पुढे जाणार.

म्हणजे प्रश्न संख्येचाही आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला, २००४ पासून तो लागू झाला. आज तिथे सर्वसाधारण वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच पेशंट असतात, विशेष उपचारांच्या विभागात चार. ऑरेगनने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. अमेरिकेत देशभर लागू होईल असं बंधन मात्र नाही. नर्सेस मिळत नाहीत, असं रुग्णालयं म्हणतात. खरं आहे; पण दमून नोकरी सोडणाऱ्या नर्सेसमुळेही तुटवडा वाढतोच.

आपल्या हातातल्या गोष्टी दोन. इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी दुभाषा मागून घ्या. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो. आणि नर्सशी घरातल्या एकानेच बोलावं. पाच जणांना तेच सांगण्यात जाणारा तिचा वेळ पेशंटच्या वाट्याला येईल.