अक्षरी रुपये

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कलम १८ पाठ असते. चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१ : रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांतली खरी धरावी. परीक्षेत हे लिहून आम्ही गुण मिळवतो आणि प्रत्यक्षात ती अक्षरे लिहिण्याचे काम कुठूनतरी उतरवून आणलेल्या आज्ञावलीवर सोपवून मोकळे होतो. या उसनवारीविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

मलकपेठेच्या बाजारात महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून कांदा येतो. तिथल्या एका आडतीवर मी संध्याकाळी संगणकावर हिशेबपट्ट्या करतो. वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे आकड्यांत. शेवटी निव्वळ रक्कम अक्षरांत. एक्सेलमध्ये यासाठी मायक्रोसॉफ्टनेच प्रसिद्ध केलेला 'स्पेलनंबर' नावाचा तुकडा आहे. तो जसाच्या तसा चिकटवला, तर १,२५,००० चे 'वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड डॉलर्स अँड नो सेंट्स' होतात! लोक डॉलर खोडून रुपये घालतात आणि काम झाले म्हणतात. पण लाख कुठे गेला? ज्याचा कांदा, त्यालाच आपली पट्टी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. थाई भाषेसाठी एक्सेलमध्ये 'बाटटेक्स्ट' हे सूत्र तयार मिळते. मराठी-कन्नडसाठी नाही. तेव्हा ते आपणच लिहिले पाहिजे, आणि ते मुळीच अवघड नाही.

रकमेला आधी कोटीने भागावे, उरलेल्या बाकीला लाखाने, मग हजाराने, मग शंभराने. जिथे भागाकार शून्य येईल ते घर गाळावे, नाहीतर 'शून्य हजार' छापून येते. राहतात एक ते नव्व्याण्णव. इंग्रजीत सत्तावीस शब्दांत हे भागते, कारण ट्वेंटीला वन जोडला की झाले. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. 'एकोण'चा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत इमाने चालतो आणि नव्व्याण्णवला दगा देतो. म्हणून नियम शोधत बसू नये. नव्व्याण्णव शब्दांची सरळ यादी करावी. शिवाय नुसते शंभर असतील तर 'शंभर', पण पुढे काही असेल तर 'एकशे'.

ही यादी व्हीबीएच्या आज्ञावलीत लिहू नये. त्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. शब्द एक्सेलच्याच एका पानावर ठेवावेत आणि 'इंडेक्स' सूत्राने क्रमांकानुसार उचलावेत. मग कन्नडसाठी फक्त दुसरे पान जोडायचे असते. तपासताना १९, ७९, ९९, १००, १०१ आणि १,००,००१ या रकमा घालून पाहाव्यात. चूक असलीच तर ती बहुधा तिथेच सापडते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. दक्षिणेकडील भाषांत अशीच रीत आहे, हे खरेच. माझ्या घरी दोन्ही भाषा बोलतात, त्यामुळे लहानपणी कन्नड अंक मला आधी आले. मुलांसाठी काय सोपे ते शिक्षकांनी ठरवावे. परंतु 'संगणकाला मराठी अंक अवघड जातात' असे जे आमचे काही मित्र म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. नव्व्याण्णव शब्दांची यादी संगणकाला जड नाही. जड जाते ते आपल्याला, एकदा बसून ती टंकायला.

आणि कन्नड वाटते तितकी सरळ नाहीच! इप्पत्तु आणि ओंदु मिळून इप्पत्तोंदु होते, हे ठीक. पण दोनशे म्हणजे इन्नूरु आणि तीनशे म्हणजे मुन्नूरु. तिथे 'एरडु' आणि 'मूरु' ओळखू येत नाहीत. म्हणजे शेकड्यांचीही यादी हवी. माझी मराठी यादी पूर्ण आहे, ज्याला हवी त्याने न्यावी. कन्नड पानावर एकशे एकपाशी मी थांबलो आहे. घरात आजी 'नूरा ओंदु' म्हणते आणि मामा 'नूर ओंदु' लिहितो. पट्टीवर कोणते छापावे, हे कन्नड विभागाच्या संपादकांनी सांगावे.