रिकामे पिंप खरेच रिकामे असते का?

ज्या वस्तीत नळ दिवसातून तासभरच येतो, तिथे निळ्या पिंपावाचून घर चालत नाही. नवे परवडत नाही म्हणून आपण भंगारवाल्याकडून जुने घेतो. भोक नाही, झाकण घट्ट बसते, एवढे पाहून भाव करतो. त्यात आधी काय भरले होते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

कारखान्यातले हे पिंप साधारण 200 लिटरचे. त्यातून खाद्यतेल येते, तसे ॲसिड आणि कीटकनाशकही येते. प्लास्टिक काचेसारखे नसते. काही रसायने त्याच्या अंगात मुरतात. सोडा लावून कितीही घासले तरी ती पुरती निघत नाहीत, पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. वास येत नाही म्हणजे पिंप स्वच्छ, असे समजू नका. पिंपावर त्रिकोणात 2 हा आकडा असतो, तोही फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, आतला माल नव्हे.

म्हणून आधी बाजूचे लेबल पाहा. कोपऱ्यावर उभा चौकोन आणि त्यात ज्वाळा किंवा कवटी दिसली, तर ते पिंप घरात आणू नका. लेबल खरवडलेले असेल आणि विकणाऱ्याला आतला माल सांगता येत नसेल, तरीही नको. घातक रसायनांची रिकामी पिंपे 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यातच मोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी खाद्यपदार्थाचे पिंप किंवा नवी टाकीच बरी, लहान असली तरी चालेल.

आता भंगाराच्या गाळ्यात राबणाऱ्या आपल्या मुलांविषयी. थिनरचे किंवा पेट्रोलचे लोखंडी पिंप ओतून घेतले तरी आत वाफ राहते. भरलेल्या पिंपात हवेला जागा कमी. रिकाम्यात वाफ आणि हवा एकत्र होतात. गॅस कटरची ज्योत लागली की पिंप बॉम्बसारखे फुटते. नुसते पाण्याने विसळणे पुरेसे नाही, कारण सांध्यात आणि कडेच्या घडीत माल अडकून राहतो. ते नीट धुऊन, आत वाफ नाही हे तपासूनच कापायचे असते.

“धुतले का? तपासले का?” हे मालकाला विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर मिळेपर्यंत कटर पेटवू नका. रोजी बुडाली तर दुसऱ्या दिवशी मिळेल, गेलेला हात मिळत नाही.