आधी प्रत, मग हात

वेल्हे-भोरच्या पावसात भिंतीवरच्या तसबिरी टिकतात कुठे? ओलीचे डाग, उडालेला रंग, फाटलेला कोपरा. असा फोटो घेऊन माणसे स्टुडिओत जातात आणि संगणकावर तो घटकाभरात नवा होऊन येतो. या कलेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घाईविषयी.

फोटोशॉप १९९० साली आले आणि त्यात ‘लेयर’ १९९४ साली आले. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे थर. मूळ थराची हुबेहूब प्रत काढावी आणि सारे काम त्या प्रतीवर करावे, हा यातला साधा नियम. वरचा थर झाकला की मूळ फोटो जसाच्या तसा समोर! काय पुसले, काय रंगवले, ते लगेच पडताळता येते. याला वेळ किती? कंट्रोल आणि जे ही दोन बटणे दाबण्यापुरता.

आमच्या आजीचा एकुलता एक फोटो एका स्टुडिओत दिला होता. चेहरा उजळून आला, परंतु कपाळावरचे गोंदण गेले! कारागिराने तो डाग समजून पुसला. काम थेट मूळ थरावर केलेले आणि त्याच नावाने साठवलेले. त्यामुळे पहिला स्कॅन उरलाच नाही. कागदी फोटोही पुढच्या पावसाळ्यात ओलीने गेला. आजीला सही येत नव्हती. गोंदण हीच तिची खूण होती.

कुणी म्हणेल, प्रतीने फाईल जड होते, आणि गिऱ्हाईकाला गोरा चेहराच हवा असतो. फाईल जड होते हे खरे. पण हवा तसा चेहरा प्रतीवर करावा की! १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ जुने अस्सल कागद जपते. त्यांतले पुसट अक्षर अभ्यासक नव्या शाईने गिरवत नाही; आपले वाचन तो वेगळ्या कागदावर लिहितो. आजीच्या फोटोला हा मान का नसावा?

मित्रहो, फोटो द्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी बजावून सांगा. मूळ थराला हात लावू नका. आणि जेपेग केले की सारे थर एक होतात, म्हणून थर असलेली पीएसडी फाईलही द्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत लिहिलेला इतिहास नाही. जो आहे तो अशा दोनचार फोटोंतच आहे.