मावळ्यांना बोलू द्या

माझे माहेर पेण आणि सासर रोहा. कासू-नागोठणे ओलांडले की आलेच दुसरे गाव. तेव्हा पाडवा एका घरी आणि भाऊबीज दुसऱ्या घरी, हा माझा चाळीस वर्षांचा परिपाठ आहे. या येण्याजाण्यात दोन्ही गावांतल्या पोरांचे किल्ले पाहायचे, हाही त्यातलाच एक भाग. दगडांवर भिजवलेले गोणपाट टाकायचे, वर चिखल लिंपायचा, अळीव पेरून रान उगवायचे. बुरूज, विहीर, भुयार आणि सगळ्यांत उंच जागी महाराज. उतारावर मावळे. आठ दिवस पोरांना जेवणाची शुद्ध नसते.

आणि मग? मग काही नाही. किल्ला पुरा झाला की खेळ संपला. ज्या मावळ्याला भाला देऊन दरवाजावर उभे केले, तो तुळशीच्या लग्नापर्यंत तिथेच उभा. रात्री दाराशी कोणी आले तर त्याने काय करावे, हे त्याला कोणी विचारीत नाही. मोठी माणसे येतात, 'छान झाला हो' म्हणतात आणि फराळाला बसतात.

हे माझे मला सुचलेले नाही. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने ते मला ऐकवले. ही मुलगी पुण्याला नोकरी करते आणि रविवारी चार मित्रमैत्रिणींबरोबर टेबलाभोवती बसून एक खेळ खेळते. त्यात प्रत्येक जण एका अद्भुत कथेतले पात्र होतो आणि पुढची कथा सगळे मिळून घडवतात. हा खेळ गावातल्या दहा-बारा मुलांना शिकवावा, दर शनिवारी त्याची बैठक चालावी, म्हणून तिने एका वाचनालयाकडे खोली मागितली. दुपारी ती खोली रिकामीच असते. जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि कसर यांचाच तिथे मुक्काम. समितीत मी आहे. अर्जावर वीस मिनिटे चर्चा झाली. एक गृहस्थ म्हणाले, फासे आहेत म्हणजे जुगार आला. दुसरे म्हणाले, राक्षस-चेटकिणी आहेत म्हणजे अंधश्रद्धा आली. तिसऱ्यांनी विचारले, हे अमेरिकेचे खूळ आपल्याला कशाला हवे? अर्ज फेटाळला गेला. मी हयातभर शाळेत गणित शिकवलेली बाई. फासा आणि जुगार यांतला फरक मला सांगता आला असता. मी चहाचा कप उचलला आणि गप्प बसले. ठराव एकमताने झाला असे इतिवृत्तात लिहिले आहे, आणि त्या एकमतात माझेही मत आहे. ते मी इथे जाहीरपणे परत घेते.

आधी खेळ कसा असतो ते सांगते, कारण समितीत ते कोणी विचारलेच नाही. चार-पाच खेळगडी आणि एक सूत्रधार. प्रत्येक गड्यापुढे कागद. त्यावर त्याच्या पात्राचे नाव आणि सहा गुणांचे आकडे: शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. सूत्रधार म्हणतो, "कडा ओला आहे. खाली अंधार आहे. काय करता?" इथे खेळ सुरू होतो. कोणी म्हणते मी उतरतो, कोणी म्हणते थांबा, आधी दोर शोधू. ज्याचा निकाल निश्चित नाही, तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. काम अवघड असेल तर सूत्रधार म्हणतो, पंधरा किंवा वर पडले पाहिजेत. म्हणजे वीसपैकी सहा आकडे तारणार, शेकडा तीस. कड्याकपारीत वाढलेल्या गड्याला चपळाईचे तीन जास्त मिळतात. त्याला बारा पडले तरी पुरतात, म्हणजे नऊ आकडे, शेकडा पंचेचाळीस. दोर सापडला तर काम आणखी सोपे होते. मुले दोर का शोधू लागतात, हे आता वेगळे सांगायला नको. जे मी नववीच्या वर्गात फळा भरभरून शिकवले आणि जे निम्म्या वर्गाने फक्त परीक्षेपुरते ऐकले, ते इथे अकरा वर्षांचे पोर बोटांवर करते.

खेळ अमेरिकेतला, हे खरेच. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला: एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या हजार प्रती. त्याच्या मागचा वंश जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून लढायांचा सराव करीत. एच. जी. वेल्स या थोर कादंबरीकाराने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांची लढाई घरात जमिनीवर कशी खेळावी याचे पुस्तकच लिहिले. पण या सगळ्या खेळांत शिपाई म्हणजे मोजायचा मोहरा. गायगॅक्स-अर्नसन यांच्या मंडळींनी केले ते एवढेच, की मोहऱ्याला नाव दिले आणि विचारले, बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे? आमच्या किल्ल्यावरच्या मावळ्याला जे कोणी विचारले नाही, ते.

आता आक्षेप एकेक घेऊ.

जुगार. फाशाचे नाव काढले की आपल्याला द्यूतसभा आठवते, आणि ते योग्यच आहे. पण युधिष्ठिराने फासे टाकले हा अनर्थ नव्हता. त्याने राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावली हा अनर्थ होता. त्याच महाभारतात नळ राजा द्यूतात सर्वस्व घालवतो, आणि पुढे ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकून गेलेले राज्य परत मिळवतो. १८८७ चा मुंबईचा जुगारविरोधी कायदा वाचा. त्याचा रोख पैजेवर आणि पणावर आहे. भाचीच्या खेळात पण नाही, पैसा नाही, कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. सगळे एका बाजूला असतात आणि संकट दुसऱ्या बाजूला. उलट जे गृहस्थ जुगार म्हणाले, त्यांच्याच खिशातल्या फोनवर क्रिकेटचे संघ लावून पैसे घालण्याचे खेळ कालपरवापर्यंत चालत होते की नाही, हे त्यांनी मनाशीच आठवावे.

अंधश्रद्धा. हा आक्षेप अमेरिकेतही आला. १९८० नंतरच्या दशकात तिथल्या पुष्कळ पालकांनी या खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतात म्हणून मोठा गहजब केला. मुले मोठी झाली, नोकऱ्याधंद्याला लागली, आणि गहजब विरून गेला. आपल्याकडचे सांगू? कोकणातल्या मुलाला गिऱ्हा, खवीस, मुंजा ही मंडळी आजीच्या मांडीवरच भेटलेली असतात, आणि ती भेट अंधारात झालेली असते. खेळात तोच मुलगा विचारतो, "गिऱ्हा पाण्याबाहेर किती पावले येऊ शकतो? त्याची शक्ती किती?" ज्या भुताच्या शक्तीचा आकडा विचारता येतो, त्याचे भय कितीसे राहणार? भूत आपणच बनवले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो मांत्रिकाच्या दारी जायचा नाही.

परकेपणा. वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक होते. आज कोणाला तो परका वाटतो? आपण त्यात चकलीचा वास मिसळला आणि तो आपला झाला. आणि या खेळातले मर्म तर आपल्या घरचेच आहे. सिंधुदुर्गातला दशावतारी नट पाठ केलेली संहिता घेऊन उभा राहत नाही. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर त्या त्या वेळी सुचतात. शंखासुराने काय म्हणावे हे शंखासुरच ठरवतो. भातुकलीत आपण सगळ्याजणी काय करीत होतो? तेव्हा जे उपजत होते, ते दहाव्या वर्षी 'आता मोठी झालीस' म्हणून आपणच बंद पाडले.

अर्ज फेटाळल्यावर भाचीने मुले माझ्या भावाच्या पेणच्या घरी पडवीत बसवली. तिने ड्रॅगन आणला नाही. अंगणात किल्ला होता, त्यावरचे मावळे उचलून प्रत्येकाने आपापले पात्र केले. एका मुलीचे वडील हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. तिने उरलेल्या शाडूची एक म्हातारी स्वतः करून आणली होती. प्रसंग असा: उधाणाची रात्र, खाडीच्या बांधाला खांड पडलेली, खारे पाणी गावच्या भातात शिरते आहे. खोताच्या शेताची उघाडी उघडली तर पाणी तिकडे वळेल आणि गाव वाचेल. पण उघाडीजवळच्या कोठारात गावाचेही बियाणे आहे. काय करता?

पाऊण तास भांडण चालले. कोणी म्हणे खोताला उठवा, कोणी म्हणे तो ऐकणार नाही. म्हातारी झालेली मुलगी म्हणाली, "बियाणं आधी बाहेर काढू. पाणी भरेपर्यंत मी दाराशी उभी राहते, मला पोहता येतं." तिने फासा टाकला. दोन पडले. बियाणे निम्मे वाचले, आणि म्हातारी वाहून गेली.

पडवीत कोणी बोलेना. फोनवरच्या खेळात मेले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. इथे कोणी तसे म्हटले नाही. थोड्या वेळाने त्या मुलीनेच विचारले, "गावानं तिच्यासाठी काय केलं?" आणि बाकीच्यांना उत्तर द्यावे लागले. मी दारात उभी राहून हे पाहत होते. मागे वळून भाची मला म्हणाली, "आत्या, यात तुला काय वाईट दिसलं गं?" मला काही सांगता आले नाही.

समितीत एक आक्षेप कोणी उच्चारला नाही, पण खरा तोच होता: याने गुण वाढणार का? नाही. प्रामाणिकपणे सांगते, यातून प्रमाणपत्र मिळत नाही आणि शनिवारचे तीन तास जातात. पण आमची मुले दहावीनंतर पनवेल-मुंबईची गाडी धरतात आणि तिथे चार अनोळखी माणसांत 'मला असे वाटते' हे वाक्य त्यांच्या तोंडून फुटत नाही. ते वाक्य आम्ही त्यांना कधी म्हणू दिले? घरात वडील बोलतात, वर्गात मी बोलत होते.

खेळात दोषही आहेत, ते लपवीत नाही. सूत्रधार हेकट असला तर सगळ्यांना नाचवतो. दांडगट मूल भित्र्या मुलाला बोलू देत नाही. म्हणूनच हा खेळ चोरून पडवीत नको, चार लोकांच्या देखत, नियमाने आणि ठरल्या दिवशी हवा. हुतूतू गावोगाव वेगळा होता तोवर तो गावापुरता राहिला. नियम एक झाले आणि त्याची कबड्डी झाली, १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाने ती जगाला दाखवली. आज आमच्या आगरी गावांत तिचे सामने गाजतात. या खेळाचेही तसेच. परदेशात १९८० पासून त्याच्या संघटना आहेत. एका गावात घडलेले पात्र आपल्या वहीसह दुसऱ्या गावच्या टेबलावर जाऊन बसते. मग पेणला शनिवार आणि रोह्याला रविवार ठेवायला हरकत कोणती? मध्ये गाडी आहेच.

सुरुवातीला काय लागते तेही ऐका. महागडी परदेशी पुस्तके लागतात असे भाचीचे मित्र सांगत होते. ते ऐकू नका. खेळाचे मूळ नियम त्यांच्या प्रकाशकांनीच जानेवारी २०२३ मध्ये सर्वांना खुले केले. श्रेय दिले की त्यांचे मराठी भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही. वीस पैलूंचा फासा नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवा, आणि काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाका. एका टेबलाला पाचांहून जास्त मुले नकोत. प्रत्येकाची पाळी झाल्याशिवाय कोणाची दुसरी पाळी नाही. 'हा प्रसंग मला नको' असे कोणीही म्हणू शकेल, आणि तो तिथेच थांबेल. प्रत्येकाने वही ठेवायची: आज काय घडले, कोण भेटले, काय गमावले. खेड्यांतल्या मुलांना एस. टी. मिळेल अशा वेळी उठायचे. आणि बोलायचे मराठीत. निम्मे इंग्रजी बोलायची जी सवय भाचीच्या मंडळींना आहे, ती त्यांनी पुण्यालाच ठेवावी. अवचितगड डोक्यावर असताना परक्या तळघरांची नावे कशाला?

समितीच्या पुढच्या सभेत हा अर्ज मी माझ्या सहीने ठेवणार आहे. पुन्हा फेटाळला जाईलही. पण या खेपेस इतिवृत्तात एकमत लिहिता येणार नाही.

तोवर तुम्ही एक करा. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणे आटोपल्यावर, मुलांच्या किल्ल्यापाशी जाऊन बसा. दरवाजावरच्या मावळ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, "रात्र झाली आहे. कोणीतरी दार ठोठावते आहे. तू काय करतोस?" मग उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.