फिर्यादीवर सही करण्याआधी हे शब्द शिका

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या कोणत्याही मुलामुलीची वही उघडा. इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पानावर गुन्हे आणि कायद्याचे पन्नास-साठ शब्द ओळीने लिहिलेले सापडतील. थीफ म्हणजे चोर, रॉबरी म्हणजे दरोडा, क्रिमिनल म्हणजे गुन्हेगार आणि अ‍ॅक्यूज्ड म्हणजेही गुन्हेगार. पाठ करायचं, गोळे काळे करायचे, दोन मार्क घ्यायचे आणि विसरायचं.

आमचं म्हणणं असं की ही यादी अर्धी चुकीची आहे आणि तिच्या मागचा हेतू तर पूर्ण चुकीचा आहे. कायद्यात रॉबरी म्हणजे जबरी चोरी. दरोडा म्हणजे डकॉयटी, आणि त्यासाठी किमान पाच माणसं लागतात. चार असतील तर दरोडा नाही. एका माणसाच्या फरकाने कलम बदलतं, शिक्षा बदलते. म्हणजे कायद्यातला शब्द हा नुसता अर्थ नसतो, ती एक अट असते. अट पुरी झाली तर गुन्हा, नाही तर काहीच नाही. ही गोष्ट आपल्याला मार्कांसाठी नाही, जगण्यासाठी शिकायची आहे.

सगळ्यात आधी ‘अ‍ॅक्यूज्ड’ घ्या. अ‍ॅक्यूज्ड म्हणजे आरोपी, ज्याच्यावर फक्त आरोप आहे. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवलेला. या दोहोंच्या मध्ये ‘अंडरट्रायल’ येतो, म्हणजे खटला संपायची वाट बघत तुरुंगात बसलेला कच्चा कैदी. भारतातल्या तुरुंगात दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन असे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. तरी गाव, वर्तमानपत्र आणि आपण स्वतः त्यांना ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतो.

या शब्दाची किंमत पारधी, कैकाडी, बेरड समाजाला विचारा. इंग्रजांनी 1871 साली क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. पुढे तो देशभर पसरला आणि जमातीच्या जमाती जन्माने ‘क्रिमिनल’ ठरल्या. ना आरोप, ना खटला, ना पुरावा. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. पण ‘हॅबिच्युअल ऑफेंडर’, म्हणजे सराईत गुन्हेगार, हा शब्द कायद्यात राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर जाते. म्हणून आपल्या तोंडून तरी आरोपीला गुन्हेगार म्हणणं थांबलं पाहिजे.

आता अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणाकडे येऊ. काही कार्यकर्ते म्हणतील, “पोलीस ठाण्यातली फिर्याद तर मराठीत लिहितात. तालुक्याच्या कोर्टातही मराठी चालते. मग इंग्रजी शब्दांची गरज काय?” गरज अशी की संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, आणि कायद्याचा अधिकृत पाठही इंग्रजीच मानला जातो. आपण मराठीत लिहिलेली फिर्याद पुढे इंग्रजी कलमाच्या तराजूत तोलली जाते.

एकच उदाहरण घ्या. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या कलम 3(1)(आर) आणि 3(1)(एस) मध्ये जातीवरून अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ हे गुन्हे आहेत. पण तिथे तीन शब्दांची अट आहे: ‘विदिन पब्लिक व्ह्यू’. म्हणजे लोकांच्या नजरेच्या टप्प्यात. हे ‘पब्लिक प्लेस’ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या स्वर्ण सिंग प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. जागा खासगी असली, पण बाहेरच्या लोकांना तिथलं दिसत-ऐकू येत असेल, तर ती पब्लिक व्ह्यूमध्ये येऊ शकते. 2020 च्या हितेश वर्मा प्रकरणात मात्र घटना घराच्या चार भिंतींच्या आत घडली आणि तिथे बाहेरचं कुणी नव्हतं, म्हणून त्याच न्यायालयाने या कलमाखालचा आरोप रद्द केला.

आता आपल्या फिर्यादी आठवा. ‘मला जातिवाचक शिवीगाळ केली.’ एवढंच वाक्य. कुठे उभं राहून केली? तेव्हा कोण हजर होतं? कुणी ऐकलं? शब्द नेमके काय होते? यातलं काहीच नाही. दोन वर्षांनी आरोपीचा वकील उच्च न्यायालयात ‘क्वॅशिंग’चा अर्ज टाकतो, म्हणजे गुन्हाच रद्द करा म्हणतो. तिथे न्यायाधीश फिर्यादीत ‘पब्लिक व्ह्यू’ शोधतात आणि तो सापडत नाही. घटना खरी असते, साक्षीदारही खरे असतात, पण कागदावर ते नसतात. म्हणून मराठीत फिर्याद देतानाही ही इंग्रजी अट डोक्यात असावी लागते. जे घडलं तेच सांगायचं, पण पुरं सांगायचं.

दुसरी जोडी ‘एन्क्वायरी’ आणि ‘इन्व्हेस्टिगेशन’. बोलताना आपण दोन्हीला चौकशीच म्हणतो. कायद्यात मात्र प्राथमिक चौकशी गुन्हा नोंदवण्याआधीची असते आणि तपास गुन्हा नोंदवल्यानंतरचा. 20 मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटीत आधी प्राथमिक चौकशीची वाट उघडली. याच एका शब्दाविरुद्ध 2 एप्रिल 2018 ला देशभर बंद झाला, माणसं मेली. त्यानंतर संसदेने कलम 18 अ घातलं: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. 2020 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात टिकलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आली आहे. ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं ठाण्यात कुणी म्हणालं, तर 18 अ दाखवता आलं पाहिजे. ज्या शब्दासाठी रस्त्यावर उतरलो, तो ठाण्याच्या टेबलावर सोडून द्यायचा का?

तिसरी जोडी ‘कन्व्हिक्शन’ आणि ‘अ‍ॅक्विटल’. दोषसिद्धी आणि निर्दोष सुटका. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. लोकांना वाटलं, न्याय झाला. पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या आरोपातून त्यांची सुटका झाली होती. खून सिद्ध झाला, जात सिद्ध झाली नाही! 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीही ‘कम्यूट’ केली, म्हणजे शिक्षा कमी करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. निकालाचा मथळा वाचणारा समाज आणि निकाल वाचणारा समाज यांत हाच फरक असतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. शब्द येत नव्हते म्हणून अन्याय झाला, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे पीडितालाच दोष देणं. अन्याय जातीमुळे होतो, आणि जात ठाण्यातही असते, कोर्टातही असते. उच्च न्यायालयात मराठी यावी ही मागणीही आपण सोडायची नाही. पण ती येईपर्यंत आपल्या केसेस इंग्रजीतच लढल्या आणि हरल्या जाणार आहेत. तोवर आपण काय करायचं?

बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. 12 डिसेंबर 1927 ला सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला आणि दोनच दिवसांत चवदार तळ्यावर जाण्याविरुद्ध ‘टेम्पररी इंजंक्शन’, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित ठेवला, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन केलं आणि दावा दहा वर्षं लढवला. अखेरीस सगळं एका शब्दप्रयोगावर आलं: ‘इम्मेमोरियल कस्टम’, अनादि काळापासूनची वहिवाट. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अशी वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. रस्त्यावरची लढाई आणि शब्दांची लढाई बाबासाहेबांनी वेगळी मानली नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहारात रविवारी एक तास कायद्याच्या शब्दांसाठी ठेवा. यादी पाठ करू नका, कागद वाचा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची इंग्रजी प्रत शेजारी मराठी प्रत ठेवून वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद आहेत, ते मूळ इंग्रजीशी ताडून बघा. एका बैठकीला पाच शब्द पुरेत. आणि वर्गात पोरींना पुढे बसवा, कारण ठाण्याची पायरी सर्वात जास्त त्यांनाच चढावी लागते.

पहिल्या रविवारी कलम 4 घ्या. फिर्याद लिहून झाल्यावर, सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणं हे पोलीस अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. एफआयआरची प्रत फुकट मिळणं हाही हक्क आहे. आपल्या आईबापांनी न वाचता किती कागदांवर अंगठे उठवले! आपण तरी वाचून सही करू.

जय भीम! जय संविधान!